अर्धविरामाच्या पुढचं

पोस्टमास्तरांचं पत्र वाचताना वेलांटी नेहमी आवाज जरा घोगरा करायची. पहिल्या वेळी तिचा घसा खरंच बसला होता, आणि नानांना तो आवाज त्या पत्राला इतका शोभला की पुढे तोच कायम झाला.

“‘महाशय,’” ती वाचत होती, “‘गेल्या अंकातलं आपलं सदर वाचलं. आपले डोळे गेले हे कळलं तेव्हा वाईट वाटलं होतं. आता कळलं की डोळे सगळ्यात शेवटी गेले, बाकीचं आधीच गेलं होतं. ईश्वर आपणांस सद्बुद्धी देवो. तो नाहीच असं आपण म्हणता, तेव्हा ती मिळायची कुठून, हा प्रश्नच आहे. आपला, एक निवृत्त पोस्टमास्तर.’”

नाना खुर्चीत मान मागे टाकून हसले. चांगले दम लागेस्तोवर हसले. “भले! म्हाताऱ्याची जीभ अजून धड आहे. बाकीचे सगळे खपले गं, वेलांटी. मला मनापासून शिव्या घालणारा एवढा एकच उरलाय. याला जपायला हवं.”

“हो,” म्हणत वेलांटीने हातातला कागद घडी घालून प्रुफांच्या गठ्ठ्याखाली सारला. कागद कोरा होता. पोस्टमास्तर नावाचा माणूस या जगात नव्हताच. त्याची अक्कल, त्याचा देव, त्याच्या शिव्या, सगळं वेलांटीच्या डोक्यातून निघायचं. आणि खोटं कशाला बोला, आठवडाभर ती त्यावर मेहनतही घ्यायची.

तीन वर्षांपूर्वी काचबिंदूने नानांची, तिच्या वडिलांची, उरलीसुरली नजर नेली, तेव्हा घरात कामाची वाटणी आपसूकच झाली. नाना सांगणार, वेलांटी वहीत उतरवून घेणार. खाली मोठ्या भावाचा, दादाचा छापखाना. तिथे जाऊन तीच मजकूर टाइप करणार, तीच प्रुफं तपासणार, आणि शनिवारी अंक निघाला की वर येऊन नानांना त्यांचंच सदर वाचून दाखवणार. तिथूनच निघणाऱ्या साप्ताहिकात ‘उलटतपासणी’ हे सदर नाना बेचाळीस वर्षं लिहीत होते. मंत्री असो, प्रवचनकार असो, नाहीतर वर्तमानपत्राचा संपादक असो, त्यांनी कधी कुणाची भीडभाड ठेवली नाही. सदराच्या डोक्यावर दर आठवड्याला एक ओळ छापली जायची: ‘कुणी सांगितलं म्हणून खरं मानू नका, मी सांगितलं म्हणूनही नाही.’ आणि हा बाबा तीन वर्षं वेलांटी जे वाचेल ते ऐकून मान डोलावत होता.

वेलांटी हे नाव त्यांनीच पाडलेलं. सहा वर्षांची असताना पहिल्या पानाच्या मथळ्यात चुकलेल्या वेलांटीवर तिने बोट ठेवलं होतं, तेही यंत्र सुरू व्हायला पाच मिनिटं असताना. “पोरीने अब्रू वाचवली!” म्हणून नानांनी तिला उचलून छापखान्यातल्या उंच स्टुलावर बसवलं. आता ती पन्नाशीला टेकली होती. लग्न केलं नाही, आईच्या आजारपणात करायचं राहिलं आणि मग राहूनच गेलं. स्टूल मात्र तेच होतं, नानांच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला.

नजर गेली त्यानंतर दोनच महिन्यांनी छापखान्याच्या दाराखालून कुणीतरी एक कागद आत सरकवला. त्यावर नानांच्या सकाळच्या फिरण्याचा रस्ता काढला होता. घर, बेकरी, टपालपेटी, बागेचं फाटक, आणि प्रत्येक ठिकाणी वेळ. बेकरीपाशी सहा चौदा. फाटकापाशी सहा सव्वीस. बागेतल्या तिसऱ्या बाकापाशी वेळ नव्हती, नुसती फुली होती. खाली एक ओळ होती: ‘डोळे नसलेल्या माणसाने जीभ जपून वापरावी.’ वेलांटीने सवयीने आधी शुद्धलेखन तपासलं. एकही चूक नव्हती. तिला त्याचीच जास्त भीती वाटली. ज्याने लिहिलं होतं तो शिकलेला होता आणि सावकाश, टेबलाशी बसून लिहीत होता.

दुसऱ्या दिवसापासून ती नानांना उलट्या रस्त्याने फिरायला नेऊ लागली. “आज बेकरीचा वास कसा येत नाही?” असं नानांनी विचारलं, तर म्हणाली, “बंद पडली, नाना.” आणि त्याच आठवड्यात तिने पहिला पूर्णविराम दिला.

नानांची वाक्यं दोन पायांची असत. पहिल्या पायात समोरच्याचं म्हणणं अगदी सभ्यपणे मांडायचं, मग अर्धविराम, आणि अर्धविरामाच्या पुढे लाथ. वेलांटी अर्धविरामाच्या जागी पूर्णविराम द्यायची आणि पुढचं गाळायची. बस्स. पदरचं एक अक्षर घातलं नाही, असं ती मनाला बजावायची. शनिवारी वर येऊन मात्र अंक हातात धरायची आणि वाचायची वहीतलं, अख्खं, लाथेसकट. ते तिला पाठ असायचं.

महिन्याभरात शिव्यांची पत्रं बंद झाली. नाना बेचैन झाले. “मी मेलो की काय?” असं एकदा जेवताना म्हणाले. मग पोस्टमास्तर आले.

“चल, आता पेपर,” नानांनी पाय लांब केले. “काय दिवे लावलेत बघू.”

“मंत्र्यांनी नदीवरच्या पुलाचं उद्घाटन केलं.”

“त्याच पुलाचं? हे तिसरं झालं. पूल बिचारा लाजेने खचेल एक दिवस. पुढे.”

“प्रवचनकार म्हणाले, देशात रोगराई वाढली त्याला बायकांचं उलट बोलणं कारणीभूत आहे.”

“मग त्याच्या घरी सगळे ठणठणीत असतील. तिथे कुणाला बोलूच देत नाहीत. पुढे.”

“सरकार पडणार नाही, असं विश्वसनीय सूत्रांनी सांगितलं.”

“सूत्रांना आईबाप नसतात, पत्ता नसतो, आणि ती कधी आजारी पडत नाहीत. देवसुद्धा असाच आहे. म्हणून दोघांवर लोकांचा एवढा भरवसा.” मग म्हणाले, “वेलांटी, तो पुरस्कार मला काही पचत नाही गं.”

तो पुरस्कार वेलांटीलाही तीन दिवस पचला नव्हता.

*

पुरस्काराचं नाव होतं ‘सुसंवाद’. सरकारचा, वर्षातून एकदाच दिला जाणारा. समाजात सलोखा राखणाऱ्या लेखणीला म्हणे. बातमी दादाने आणली होती, आणि नानांनी ‘नको’ म्हणायच्या आत त्याने दुपारच्या जेवणाला सगळ्यांना बोलावून टाकलं होतं. सगळे म्हणजे आहेत तरी किती? दादा, वहिनी, वेलांटी, आणि अकरा वर्षं या घराची पायरी न चढलेली आत्या.

अकरा वर्षांपूर्वी नानांनी ‘उलटतपासणी’त लिहिलं होतं की प्रवचनकारासमोर सगळ्यात पुढे डोळे मिटून बसणारी बाई माझी सख्खी धाकटी बहीण आहे, आणि ती लहानपणी परीक्षेतही असेच डोळे मिटून बसायची. सगळं गाव हसलं. आत्या नाही हसली.

ती दारात येऊन उभी राहिली. केस पार पांढरे झालेले, खांद्यावर कापडी पिशवी.

“कोण आलंय?” नानांनी विचारलं.

“मी आहे.”

“मी म्हणजे कोण? अकरा वर्षांनी आवाज ओळखायचा, तर तो अधूनमधून ऐकवावा लागतो.”

“ओळखलास की! म्हणून तर टोमणा मारलास.”

नानांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “ये, बस. तुझा प्रवचनकार कसा आहे? चार बंदूकवाले होते ना त्याला?”

“सहा झालेत.”

“देवावरचा भरवसा उडत चाललाय म्हणायचा.”

“नाना, आज नको,” दादा मध्येच म्हणाला. छापखान्यातल्या शाईचा वास असलेला, गोल, घामट माणूस. कुणाचंही भांडण त्याला सोसत नसे. सरकारी शाळांची पुस्तकं छापायचं काम त्याच्याकडे येऊ लागल्याला दोन वर्षं झाली होती. ते काम आलं त्या दिवशी तो वेलांटीपाशी येऊन, वहीकडे न बघता, एवढंच म्हणाला होता, “चाललंय ते बरं चाललंय. चालू दे.” त्या दिवशी तिला कळलं की दादाला माहीत आहे. दोघांनी त्यावर पुन्हा अक्षर काढलं नाही.

जेवणं झाली. वहिनीने ताटं उचलली आणि पदराला हात पुसत तिथेच बसली. पुरस्काराच्या दिवशी नानांनी कुठला कोट घालायचा, हे तिने ठरवूनसुद्धा टाकलं होतं. “पहिल्या रांगेत आपण सगळे. फोटोत नाना मधोमध, मंत्री उजवीकडे.”

“आणि सुसंवाद कुठे बसणार?” नाना म्हणाले. “अगं, मी तुझ्या सासूशीसुद्धा कधी सुसंवाद केला नाही, जन्मभर भांडलो. तुम्ही मला एक सांगा. मी या लोकांना तीन वर्षं दर शनिवारी चोर म्हणतोय. मग चोर माझा सत्कार का करतोय?”

“लोकशाही आहे नाना,” दादा म्हणाला. “टीकेचाही मान राखतात.”

“चोराला चोर म्हटलेलं आवडायला लागलं असेल, तर मला शब्द बदलायला हवा.”

“तुम्हाला ना, कुणाचं चांगलं बघवतच नाही,” वहिनी फणकारली. “सून म्हणून आले तेव्हापासून ऐकतेय. लोक आमच्याशी बोलायचे बंद झाले होते तुमच्या त्या सदरापायी. आता जरा कुठे माणसांत आलोय.”

“कधीपासून?” नानांनी विचारलं.

“काय कधीपासून?”

“माणसांत कधीपासून आलात?”

वहिनी विचारात पडली. “झाली की दोन-तीन वर्षं.”

वेलांटी उठली, पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघराकडे निघाली. तांब्या भरलेलाच होता. मागून आत्याचा आवाज आला आणि ती उंबऱ्यातच थांबली.

“खरं सांगू नाना? मी या पुरस्कारापायी नाही आले. तू निवळलास म्हणून आले.”

“मी काय झालो?”

“निवळलास. दर शनिवारी वाचते मी. न बोलणं वेगळं आणि न वाचणं वेगळं. आधी तुझं वाचलं की अंगाचा तिळपापड व्हायचा, दोन घास जायचे नाहीत. तरी वाचायची. आणि गेली तीन वर्षं वाचतेय, तर...” ती जरा अडखळली. “तर राग येत नाही. म्हटलं, डोळे गेले आणि माणूस आत वळला. मला फार बरं वाटलं रे. पण खरं सांगते, थोडं चुकल्यासारखंही वाटलं. आमचे प्रवचनकार तर हल्ली तुझी वाक्यं सांगतात.”

खालच्या मजल्यावर यंत्राची घरघर चालू होती.

“माझं कुठलं वाक्य?” नानांनी शांतपणे विचारलं.

“आत्या, तू पाणी घे,” दादा घाईघाईने म्हणाला.

पण वहिनीला बिचारीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला वाटलं, आता नाना खूश होतील. तिने कपाटावरचं सरकारी पाकीट उघडलं. “त्या मानपत्रातही तेच वाक्य घेतलंय की, नाना! मसुदा आलाय ना आपल्याकडे. हे बघा, ‘आपण संयमाने लिहिलेत, की श्रद्धा हा माणसाचा शेवटचा आधार आहे.’ किती छान!”

“पुढे वाच.”

“पुढे पूर्णविराम आहे.”

“पूर्णविराम नाही, अर्धविराम आहे,” नाना म्हणाले. “‘श्रद्धा हा माणसाचा शेवटचा आधार आहे; म्हणून पुढारी पहिला हात त्यालाच घालतो.’ मी सांगितलेलं मला आठवतं. डोळे गेल्यापासून तर एकूण एक आठवतं.”

“त्यांनी छाटलं असेल,” दादा म्हणाला. “सरकारी माणसं ती.”

“असेल. धाकटे, गेल्या शनिवारचा अंक आहे तुझ्यापाशी?”

आत्याच्या पिशवीत होता. ती चष्मा लावू लागली, आणि वेलांटीला वाटलं की धावत जाऊन तो कागद तिच्या हातातून ओढून घ्यावा. तीन वर्षं ती याच क्षणाची वाट बघत होती आणि तो आलाच तर काय करायचं, हे तिने एकदाही ठरवलं नव्हतं.

“‘पाऊस पडावा म्हणून तीनशे कर्मचाऱ्यांनी कचेरीच्या वेळात सामुदायिक प्रार्थना केली,’” आत्याने वाचलं, “‘त्यांच्या भावनेचा आदर आहे.’”

“‘पण त्यांतल्या एकाने जरी पाना घेऊन फुटलेल्या पाइपाची चकती बदलली असती, तर देवाला त्रास द्यावा लागला नसता,’” नाना म्हणाले.

“ते इथे नाही, नाना.”

“पुढचं.”

“‘मंत्रिमहोदयांनी पक्ष बदलला तो विचारांती, असं त्यांनी सांगितलं.’”

“‘विचार कुणाचा आणि अंत कुणाचा, ते सांगायचं राहून गेलं.’”

“तेही नाही.” आत्याने चष्म्यावरून वर पाहिलं. तिने नानांकडे पाहिलं नाही, उंबऱ्यात उभ्या असलेल्या भाचीकडे पाहिलं. मग अंक हळूच मिटला. “पुढचं राहू दे,” ती म्हणाली.

“वेलांटी,” नानांनी हाक मारली.

“हो, नाना.”

“तू मला वाचून दाखवलंस त्यात होतं.”

“हो.”

“छापलेलं कुणी बदललं?”

दादा उठून उभा राहिला. “नाना, शपथेवर सांगतो, मला यातलं काहीएक माहीत नव्हतं.”

वेलांटीने त्याच्याकडे बघितलं. दादाने नजर खाली घातली. लहानपणी शाईची बाटली त्याच्या हातून फुटली तेव्हाही त्याने असंच सांगितलं होतं, आणि तेव्हाही ती काही बोलली नव्हती.

“मी,” ती म्हणाली. “मी बदललं. दर आठवड्याला.”

“अगं बाई!” वहिनीने तोंडावर हात ठेवला.

वेलांटी कपाटापाशी गेली. वहीच्या पुठ्ठ्यात तीन वर्षं दडवलेला कागद काढून तिने नानांसमोर धरला, आणि मग आपण कुणासमोर कागद धरतोय ते लक्षात येऊन तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्याने तो तिच्या हातातून घेतला आणि वाचला. घर, बेकरी, सहा चौदा. टपालपेटी. फाटक, सहा सव्वीस. तिसरा बाक, फुली. खालच्या ओळीला तिचा आवाज चिरकला.

नानांनी विचारलं, “शुद्धलेखन?”

“एकही चूक नाही,” वेलांटी म्हणाली.

“हं. शिकलेला आहे.”

“म्हणून तर भीती वाटली.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही लिहिणं थांबवलं असतं?”

“नाही.”

“फिरायला जाणं?”

“तेही नाही.”

“मग काय सांगणार होते मी, नाना? मला तुम्ही हवे होतात. मला बाकी काही सुचलं नाही.” तिचा आवाज फुटला. “मला तुम्ही जिवंत हवे होतात.”

“ती बेकरी?” नानांनी विचारलं.

तिला क्षणभर कळेना. मग कळलं. “चालू आहे.”

“बंद नाही पडली.”

“नाही.”

नानांचा हात खुर्चीच्या दांड्यावरून पुढेमागे फिरत होता. “आणि पोस्टमास्तर?”

वेलांटीने हातातली वही मिटली. खाली कुणीतरी यंत्र बंद केलं.

“वेलांटी, मी पोस्टमास्तराबद्दल विचारतोय.”

“कोरा कागद असायचा, नाना.”

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम पडला. वेलांटीने आईच्या वेळी त्यांना पाहिलं होतं, नजर गेली तेव्हाही पाहिलं होतं. हा चेहरा तिने पाहिला नव्हता. “मला वाटायचं,” ते म्हणाले, “मला वाटायचं, एका माणसाशी तरी माझं भांडण चालू आहे.” आणि त्यांनी हाताने डोळे पुसले.

“झालं ते झालं,” दादा म्हणाला. त्याला घाम फुटला होता. “तिने काही वाईट हेतूने नाही केलं. आता घरातली गोष्ट घरात राहू दे. बाहेर कुणाला कळणार आहे? नाना, तुम्ही पुरस्कार घ्या, दोन शब्द बोला, आणि तब्येतीचं कारण सांगून सदर बंद करा. मानाने बंद होईल. झाकली मूठ...”

“थोरल्या, ती पुस्तकांची कामं तुला कधीपासून मिळतायत?”

दादा जिन्याकडे सरकला. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं, मग वेलांटीकडे, आणि तिच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडत गेला. ती उठली. “मला यातलं कुणी काही सांगतच नाही,” एवढंच म्हणून ती आत गेली आणि ताटं घासायला बसली. भांड्यांचा आवाज जरा मोठाच येत होता.

“वेलांटी, वही घे,” नाना म्हणाले.

“नाना, नको. ती फुली अजून तिथेच असेल.”

“तिसऱ्या बाकापाशी ना? चांगला बाक आहे. सकाळचं ऊन येतं.”

“आत्या, तू तरी सांग त्यांना!”

तिला वाटलं होतं, आत्या सांगेल. देवभोळी बाई, भावाच्या जिवाला भिणारच. आत्याने पिशवी मांडीवर घेतली, तिचे बंद उगाच सोडले, पुन्हा बांधले. “मी अकरा वर्षं प्रार्थना केली की याचं लिहिणं बंद होऊ दे,” ती म्हणाली. “ती अशी फळाला आली होय? नको गं बाई. लिहू दे त्याला.”

वेलांटी स्टुलावर बसली. वही उघडली. अक्षर तिचं कधीच बिघडत नसे.

“‘उलटतपासणीच्या वाचकांस,’” नाना सांगू लागले. “‘मला जाहीर झालेला पुरस्कार मी घेत नाही. तो ज्या लेखनासाठी दिला आहे, ते माझं नाही. गेली तीन वर्षं या सदरातली वाक्यं अर्धीच छापली गेली. वाचकांनी मला मवाळ समजून क्षमा केली असेल, तर ती परत घ्यावी. पुढच्या अंकापासून राहिलेले अर्धे भाग क्रमाने छापले जातील.’ लिहिलंस?”

“लिहिलं.”

“‘ही चूक...’” ते थांबले. “‘ही चूक अनवधानाने झाली.’”

वेलांटीचं पेन थबकलं. अनवधानाने. छापखान्यातला सगळ्यात जुना, सगळ्यात झिजलेला शब्द. नाव चुकलं, तारीख चुकली, फोटो उलटा लागला, की दुसऱ्या अंकात कोपऱ्यात चौकट टाकायची: अनवधानाने. बेचाळीस वर्षांत नानांनी तो शब्द आपल्या सदरात एकदाही येऊ दिला नव्हता. ‘अवधान ठेवायचाच तर पगार घेतो आपण,’ म्हणायचे. आज त्यांनी तो तिच्यासाठी काढला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनीच वाक्य मऊ केलं होतं.

तिने लिहिलं.

“वाच,” नाना म्हणाले.

तिने सुरुवातीपासून वाचलं. घसा घोगरा न करता, आपल्या आवाजात. शेवटच्या ओळीशी आल्यावर तिने श्वास घेतला. “‘ही चूक प्रुफं तपासणाऱ्या मुलीने जाणूनबुजून केली; तिला भीती वाटत होती.’”

“मी अनवधानाने म्हटलं होतं.”

“हो.”

“तू काय लिहिलंस?”

“जाणूनबुजून.”

“आणि मला वाचून काय दाखवलंस?”

“जाणूनबुजून. जे लिहिलं तेच वाचलं, नाना.”

तिला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. चिडतील, नाहीतर तिच्या डोक्यावर हात ठेवतील, दोन्हींतलं काहीही चाललं असतं तिला. नानांनी मान वळवली. तिच्याकडे नाही, दुसऱ्या बाजूला, जिथे आत्या बसली होती तिकडे.

“धाकटे,” ते म्हणाले, “तसंच लिहिलंय का गं?”

आत्याने वेलांटीच्या हातातून वही घेतली. तिच्याकडे बघायचं तिने टाळलं. बोट ओळीवरून फिरवत, पुटपुटत, ती शेवटपर्यंत गेली. “तसंच आहे, नाना. अर्धविरामासकट.”

“बरं.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “उद्यापासून सकाळी पेपर वाचायला येशील?”

“माझे डोळे कुठे धड आहेत? बारीक अक्षर दिसत नाही मला.”

“मोठ्या अक्षरातलं तेवढं वाच. खोटं बहुतेक तिथेच असतं.”

आत्या हसली नाही. नानाही हसले नाहीत. दादा जिन्यापाशी उभा होता, ना खाली जात होता ना आत येत होता.

वेलांटीने वहीतलं पान जपून फाडलं, छपाईला न्यायचं म्हणून. मग नानांच्या डाव्या बाजूचं स्टूल उचललं, भिंतीला लावलं, आणि आत्यासाठी पाठीची खुर्ची आणून तिथे ठेवली. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले. नानांनी तो आवाज ऐकला.